विद्यार्थी बाबासाहेब आणि आपल्या मुलांचे पहिले वर्ष

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत फलक लागतात. फलकावर बाबासाहेबांचा कोट घातलेला फोटो आणि त्याखाली पदव्यांची लांबलचक रांग. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. बालवाडीतल्या पोरालाही ही रांग तोंडपाठ असते आणि ती म्हणताना त्याची छाती फुगते. फुगायलाच हवी. हजारो वर्षे ज्यांच्या हातात पाटी येऊ दिली गेली नाही, त्यांच्यातला एक माणूस जगातल्या नामांकित विद्यापीठांत जाऊन तेथील पंडितांच्या रांगेत बसला, ही सामान्य गोष्ट नाही.

परंतु या पदव्या मिळाल्या कशा, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. बाबासाहेब जन्मतःच प्रज्ञावंत होते असे एकदा म्हटले की पुढचा सगळा विषय मिटतो. मग त्यांना वंदन करायचे एवढेच आपल्या हाती उरते. ज्या महामानवाने आपल्याला चमत्कार नाकारायला शिकवले, त्याच्याच विद्वत्तेचा आपण चमत्कार करून टाकला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत सांगायचे तर चाळीस टक्क्यांनाही पोहोचत नाहीत इतके. नऊ वर्षांनंतर हाच विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये विद्वानांसमोर जातिव्यवस्थेच्या उगमावर स्वतःचा सिद्धांत मांडत होता. या नऊ वर्षांत जे घडले तो अभ्यासाच्या सवयीचा इतिहास आहे, आणि सवय ही कोणालाही लावून घेता येते.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. दर वर्षी जून-जुलैत आपली हजारो मुले-मुली महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतात. त्यांतील कित्येकांच्या घरातील ती पहिलीच पिढी असते. आईवडिलांना अर्ज भरता येत नाही, पण फी भरण्यासाठी ते ओव्हरटाईम करतात. मुलगा वर्गात बसतो तेव्हा त्याच्यासमोर येतात झेरॉक्स केलेल्या नोट्स, गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच. प्रकल्प लिहून आणा असे सांगितले जाते, पण प्रकल्प म्हणजे काय, पुस्तक कसे शोधायचे, टिपण कसे काढायचे, दुसऱ्याचे मत आणि आपले मत वेगळे कसे मांडायचे हे कोणीही सांगत नाही. मग गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प उतरवला जातो. आता तर मोबाईलवर प्रश्न टाकला की पानभर उत्तर क्षणात तयार होऊन येते. वही भरते, गुणही मिळतात, परंतु डोके रिकामेच राहते. अशा मुलांना आणि त्यांच्या पालकांना विद्यार्थी बाबासाहेब माहीत असणे गरजेचे आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ हे लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यास आणि नंतर मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोपणे, त्याच खोलीत अभ्यास. अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून बापलेकांनी वेळ वाटून घेतली होती. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मुलाला उठवत आणि मग स्वतः झोपत. पहाटेपर्यंत मिणमिणत्या दिव्याखाली अभ्यास चाले. आमच्या घरी जागा नाही ही तक्रार खरी असते. ती भीमरावांच्याही घरी नव्हती. सुभेदारांनी जागेच्या टंचाईवर वेळेच्या नियोजनाने मात केली.

सुभेदारांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला घोटून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून भाषांतरे करून घेतली. भाषांतर करताना विद्यार्थ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. याचा नेमका अर्थ काय, आपल्या भाषेत त्याला कोणता शब्द, वाक्य कसे फिरवायचे, हे स्वतः ठरवावे लागते. पुढे ज्या इंग्रजीची इंग्रजांनीही दखल घेतली, त्या इंग्रजीचा पाया या चाळीतल्या खोलीत घातला गेला.

भीमरावांना पाठ्यपुस्तकांव्यतिरिक्त पुस्तकांचे वेड लागले होते. सुभेदारांचे पेन्शन तुटपुंजे. नवे पुस्तक हवे असले की ते मुंबईत दिलेल्या आपल्या विवाहित मुलींकडे जात. पैसे उसने आणत, नाहीतर दागिना आणून गहाण ठेवत आणि पेन्शन आले की तो सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या विद्वत्तेत त्यांच्या बहिणींच्या दागिन्यांचा वाटा आहे, हे आपल्या माता-भगिनींना मुद्दाम सांगितले पाहिजे.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची त्यांच्यावर नजर गेली. मॅट्रिक झाल्यावर सत्कार झाला, त्या वेळी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्यांच्याच प्रयत्नाने सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागले. तेथेही जात पाठीमागे होतीच. कॉलेजातील उपाहारगृहाचा ब्राह्मण चालक त्यांना चहा-पाणी देत नसे. शाळेत असताना संस्कृत शिकण्याची इच्छा होती, पण अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली होती. प्राध्यापक म्युलर यांनी मात्र या विद्यार्थ्याला पुस्तके दिली, कपडेही दिले. १९१२ साली त्यांनी बी.ए.ची परीक्षा दिली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. रात्री दोन वाजता उठवणारा माणूस आता नव्हता.

त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी त्यांची निवड केली. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस.

कोलंबियातले हे पहिले वर्ष आपल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. सुरुवातीचे काही महिने मित्रांच्या संगतीत, खेळांत आणि गप्पांत गेले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. यात आश्चर्य नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असा गाव मिळाला होता जिथे नळाला हात लावताना कोणी ओरडत नव्हते आणि एका टेबलावर जेवताना कोणी उठून जात नव्हते. त्या मोकळ्या हवेत एक तरुण थोडा रमला. परंतु लवकरच आपण येथे कशासाठी आलो, कोणाच्या पैशाने आलो, मागे कोण उपाशी आहे, याचा विचार त्यांनी केला आणि दिनक्रम बदलला. त्यानंतर ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ त्यांचा होता. पहिले सत्र वाया गेले म्हणून खचून बसणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. सुरुवात चुकली तरी वळण घेता येते.

वळण घेतल्यावर त्यांनी काय केले ते आकड्यांत उपलब्ध आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषेचा प्रत्येकी एक असे एकूण ६० अभ्यासक्रम घेतले. जातीचा प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, हे त्यांना विद्यार्थिदशेतच उमगले होते. जातीमागे अर्थकारण आहे, इतिहास आहे, विवाहाचे नियम आहेत आणि सत्ताही आहे. म्हणून त्यांनी पदवीपुरते न वाचता प्रश्नाला पुरेल इतके वाचले. पदवीपुरते वाचणारा विद्यार्थी परीक्षेनंतर पुस्तक विकून टाकतो. प्रश्न घेऊन वाचणाऱ्याला एक पुस्तक दुसऱ्या पुस्तकाकडे नेते.

कोलंबियात शिक्षकही त्या तोडीचे होते. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, इतिहासाचे जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर. संशोधनाची पद्धत कोणती वापरावी, असे भीमरावांनी सेलिग्मन यांना विचारले. सेलिग्मन यांनी कोणताही साचा हातात दिला नाही. मनापासून काम करीत राहा, करता करता तुमची पद्धत तुम्हालाच सापडेल, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला. पद्धतीचे पुस्तक पाठ करून कोणी संशोधक होत नाही. आधी कामाला बसावे लागते.

ड्युई यांचे विचार बाबासाहेबांना आयुष्यभर पुरले. ड्युई यांच्या ग्रंथांच्या बाबासाहेबांकडील प्रती पाहिल्या तर त्यांत लाल-निळ्या पेन्सिलींच्या खुणा दिसतात. बाबासाहेब पुस्तक वाचत म्हणजे लेखकाशी वाद घालत. पटले तेथे एक खूण, शंका आली तेथे दुसरी. पुस्तक ही पूजेची वस्तू नाही, ते कामाचे अवजार आहे, हा धडा त्या रंगीत रेघांत आहे. खर्चात काटकसर करून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडत. न्यूयॉर्कमधील वास्तव्यात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. ती भारतात पाठवण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली होती. त्यांतील बरीचशी पुस्तके त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

१९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासाठी त्यांना एम.ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. चर्चासत्र म्हणजे विद्यार्थ्याने आपले लेखन शिक्षक आणि सहाध्यायींसमोर वाचायचे आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. येथे घोकंपट्टी चालत नाही.

हा निबंध कसा रचला आहे ते पाहणे म्हणजे संशोधनपर लेखनाचा वस्तुपाठ घेणे होय. आरंभी ते आपल्याआधी या विषयावर लिहिलेल्यांकडे वळतात. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्याकडचे श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाने जातीची व्याख्या कशी केली ते सांगतात. त्या व्याख्येत काय उपयोगी आहे आणि काय निसटले आहे ते दाखवतात. कोणाची टिंगल नाही आणि कोणाच्या नावाचा दबावही नाही. मग स्वतःचा मुद्दा मांडतात. गोत्राबाहेर लग्न करण्याची रीत ज्या समाजात मूळची होती, त्यावर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले आणि त्यातून जात घडली. हे बंधन टिकवायचे तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेल्यावर उरलेल्या स्त्रीचे काय करायचे, बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचे काय करायचे, हा त्या व्यवस्थेपुढचा पेच. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी त्या पेचावरचे उपाय म्हणून आल्या, असे ते दाखवून देतात. जात टिकते ती स्त्रीच्या देहावर पहारा ठेवून, हे त्यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी लिहिले. आणि शेवटी, माझा सिद्धांत चुकीचा ठरला तर तो सोडून द्यायला मी तयार आहे, अशी भूमिका घेऊन ते थांबतात. आधीच्यांचे नीट वाचन, त्यातील उणीव, आपला मुद्दा, त्याचे पुरावे आणि चूक मान्य करण्याची तयारी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दोन पानांचा निबंध लिहितानाही हाच क्रम ठेवावा. १९१७ साली हा निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

१९१६ साली कोलंबियाने त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारला आणि ते लंडनला गेले. तेथे ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. पुस्तके आणि कागदपत्रे वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती बोट पाणतीराने बुडवली. अनेक वर्षांचे हस्तलिखित समुद्राच्या तळाशी गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला पोहोचले आणि सामान बुडाल्याच्या भरपाईचे पैसे घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले. तेथे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. शिपाई लांबून फायली फेकत. पारशी धर्मशाळेत काठ्या घेऊन जमाव आला आणि परदेशी विद्यापीठाने गौरवलेला हा विद्वान एका झाडाखाली बसून रडला.

लक्षात घेण्यासारखे आहे ते यापुढचे. ग्रंथ बुडाले, नोकरी गेली, राहायला जागा मिळाली नाही, तरीही लेखणी थांबली नाही. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे त्यांनी केलेले परीक्षण आले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची बाजू त्यांनी आकडेवारीसह मांडली. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. संशोधकाची लेखणी आणि चळवळीची लेखणी एकाच हातात होती. म्हणूनच 'मूकनायक'मधील लेखांत संतापाच्या जोडीला पुरावा असे.

प्राध्यापकीतील बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय आणि गोल्डस्मिथ्स ग्रंथालय या चार ठिकाणी त्यांचा दिवस जाई. इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात सरकारी अहवाल होते, अंदाजपत्रके होती, पत्रव्यवहार होता. दुसऱ्याने काढलेल्या सारांशावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, मूळ कागद काढून वाचले. रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत. सोबत राहणारे अस्नोडकर झोपायला सांगत. गरिबीमुळे आणि वेळेअभावी शक्य तितक्या लवकर अभ्यास संपवणे भाग आहे, असे ते त्यांना समजावत.

१९२१ साली एम.एस्सी. मिळाली. बुडालेल्या हस्तलिखिताच्या जागी त्यांनी कोलंबियासाठी नवा प्रबंध लिहून काढला आणि तसे १९२२ च्या फेब्रुवारीत सेलिग्मन यांना पत्राने कळवले. एकदा लिहिलेले पुन्हा लिहायचे म्हटले तर आपल्याकडे अंगावर काटा येतो. येथे अख्खा ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' सादर केला. परीक्षकांना तो पचला नाही, फेरफार करून पुन्हा द्यावा असे सांगण्यात आले. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले, येथे बसून त्यांनी तो दुरुस्त केला आणि परत पाठवला. मूळ निष्कर्ष सोडले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. ग्रंथाला प्रस्तावना दिली त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. शिष्याचे सगळे पटत नसतानाही गुरू प्रस्तावना लिहितो आणि शिष्य ती आनंदाने छापतो. ज्ञानाच्या क्षेत्रातील ही लोकशाही आपल्याकडे कितीशी रुजली आहे?

कोलंबियाच्या नियमाप्रमाणे पीएच.डी.साठी छापील प्रती द्याव्या लागत. १९२५ साली तो ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि ८ जून १९२७ रोजी पदवी रीतसर मिळाली. फलकावर एका ओळीत मावणाऱ्या त्या दोन अक्षरांना १९१३ पासून चौदा वर्षे लागली होती.

त्याच १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. विद्वत्ता आणि लढा या दोन गोष्टी वेगळ्या करणाऱ्यांनी महाडचा पुढचा भाग वाचावा. तळ्यावर गेलेल्यांना मारहाण झाली, त्यानंतर प्रकरण कोर्टात गेले. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. दहा वर्षे हा वाद चालला. दप्तरे उघडली गेली, साक्षी झाल्या, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की तशी प्राचीन रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. तळ्याचे पाणी आपण ओंजळीने घेतले आणि तो हक्क कागदपत्रांनी टिकवला. ग्रंथालयात लागलेली सवय अशी चळवळीच्या कामी आली.

हीच सवय समाजाच्या मुलांना लागावी यासाठी १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेले कॉलेज उभे राहिले. स्वतःची सवय तर शेवटच्या रात्रीपर्यंत सुटली नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तू यांना 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेची टाईप केलेली पाने जवळ ठेवायला सांगितली. ती पुन्हा एकदा वाचून दुरुस्त करायची होती.

आता आपल्या मुलांकडे येऊ. पदवी अभ्यासक्रम आता बदलला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी आली आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. चौथ्या वर्षी संशोधन करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात म्हटले आहे. याचा अर्थ काय? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, तो पहिल्या सत्रापासूनच पुढे असतो. ज्याच्या घरातील पहिलीच पिढी कॉलेजात जाते, त्याला वातावरण समजायलाच दोन सत्रे लागतात, आणि तेवढ्यात संशोधनाचे दार अर्धे लागलेले असते. या अटीविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, कुलूपबंद ग्रंथालये, वेळेवर न मिळणाऱ्या फेलोशिप यांसाठी रस्त्यावर उतरलेच पाहिजे. शासनाची जबाबदारी शासनाने पार पाडावी. पण लढा चालू असताना आपल्या मुलाचे पहिले वर्ष थांबून राहत नाही. ते निघून जाते. म्हणून आपल्या हातात जे आहे ते आपण करायला हवे.

आपल्या हातात काय आहे? गावोगावी विहारे आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास मुलांसाठी ठेवता येईल. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुला-मुलीने महिन्यात गाईड सोडून एक मूळ पुस्तक वाचावे. वहीत पुस्तकाचे नाव, पान क्रमांक, लेखकाचे म्हणणे आणि त्याखाली आपला प्रश्न लिहावा. आपल्या वस्तीतला एक प्रश्न घ्यावा. पाणी किती वाजता येते, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडतो, गायरान जमिनीचे सातबारे काय सांगतात. त्यावर कागद मिळवून दोन पाने स्वतःच्या भाषेत लिहावीत आणि ती सर्वांसमोर वाचावीत. वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत, पोराने पुन्हा लिहून आणावे. नोकरीला लागलेल्यांनी जयंतीच्या वर्गणीतील काही हिस्सा अशा पुस्तकांसाठी बाजूला काढावा. सुभेदारांनी लेकींचे दागिने गहाण टाकले होते, आपल्याला एवढेही जमू नये काय?

कोणते पुस्तक आधी घ्यावे, असा प्रश्न पडला तर उत्तर सोपे आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले. वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १९७९ साली निघाला. त्या खंडात अगदी पहिला आहे तो 'कास्ट्स इन इंडिया', म्हणजे वर्गात वाचण्यासाठी एका विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध. बाबासाहेबांचे सारे वाङ्मय एका विद्यार्थ्याच्या गृहपाठापासून सुरू होते. आपल्या मुलांनी तो निबंध पेन्सिल हातात घेऊन वाचावा, न पटेल तेथे खूण करावी आणि समासात आपला प्रश्न लिहावा. त्या महान विद्यार्थ्याला यापेक्षा वेगळे अभिवादन कोणते असणार?

जयभीम!